कशाशी खातात?

एखाद्याचं अज्ञान चारचौघांत उघडं पाडायचं असलं, की मराठी माणूस शिवी देत नाही. "संगीत कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का तुला?" एवढंच विचारतो. संगीत, राजकारण, शेअरबाजार, अध्यात्म, काय वाटेल ते आपण कशाशी ना कशाशी खातो. या प्रश्नातला 'शी' वाटतो तितका साधा नाही. पोळी भाजीशी, पुरणपोळी तुपाशी, भाकरी ठेच्याशी आणि महिनाअखेर असली तर भात नुसत्या मिठाशी. या एवढ्याशा 'शी'ला इंग्रजीत काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही. मात्र इंग्रजी कशाशी खातात हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, अशी माझी चांगली पन्नास वर्षं समजूत होती. २०१८ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहरी, कोपऱ्यावरच्या एका दुकानात ही समजूत लसणाच्या गड्ड्याला अडखळून पडली. पुढे जे लिहिलं आहे ती त्या पडझडीची हकिगत आहे. तिला टीकालेख म्हटलंत तरी चालेल. कादंबऱ्यांवर टीका करणारे पुष्कळ असतात. एका अख्ख्या भाषेला अन्न मोजता येत नाही, अशी टीका करायला कुणीतरी पुढे यायला हवंच होतं.

सुरुवात शाळेपासून करतो. आमच्या तालुक्याच्या गावी इंग्रजी पाचवीत भेटायचं आणि बहुतेकांना अकरावीत कायमचं सोडून जायचं. मास्तर फळ्यावर लिहीत, 'अ – ऑफ ब्रेड', आणि मागे वळून म्हणत, "रिकामी जागा भरा." ती जागा 'लोफ' या शब्दानं भरायची होती. आता आमच्या गावात पाव हा खाण्याचा पदार्थ नव्हता, पथ्याचा होता. ताप आला की डॉक्टर दूध-पाव सांगत. बेकरीवाला लादीतून दोन पाव तोडून रद्दीत बांधून देई. तेव्हा पावाला मोजायला आमच्याकडे 'लादी' होती आणि ती पुरत होती. त्यात हा लोफ आला. मागच्या बाकावरच्या एकानं हात वर करून विचारलं, "सर, तो लोफ खातो म्हणून लोफर का?" त्याला त्या दिवशी पाव सोडून बाकी सर्व खायला मिळालं.

तरी मी ते सगळं पाठ केलं. द्राक्षांचा 'बंच', साखरेचा 'लंप', चॉकलेटचा 'बार', केकचा 'स्लाइस'. यांतली द्राक्षं तेवढी मी पाहिली होती, तीही कुणी आजारी असताना. 'अ पीस ऑफ चॉक' हा खडूही त्याच यादीत होता. त्याला अन्नात का घातलंय हे मला कळेना. पण माझ्या शेजारचा मुलगा खडू खात असे, तेव्हा पुस्तकवाल्यांना त्याची कल्पना असावी. मला वीसपैकी अठरा मार्क मिळाले. त्या अठरा मार्कांवर मी पुढे सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढली. कुणाला इंग्रजी मसुदा हवा असला की माझ्याकडे येत. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणाची पुठ्ठा बांधलेली प्रत माझ्या टेबलाच्या खणात असे, आणि साहेबांच्या पत्रातलं 'इन' खोडून 'ऑन' करण्याइतपत माझी छाती झाली होती.

नाही म्हणायला एकदा दगा झाला होता. बदलून आलेल्या एका साहेबांना मी घरी बोलावण्याची चिठ्ठी पाठवली. त्यांचं मराठी आणि माझं तमीळ सारखंच होतं, म्हणून इंग्रजीत लिहिलं, 'आम्हांला तुम्हांला डिनरसाठी घेण्यात आनंद वाटेल', म्हणजे 'हॅव यू फॉर डिनर'. साहेबांनी त्याखाली लाल शाईनं लिहून परत पाठवलं, 'भाजून की तळून?' वाक्य व्याकरणानं बरोबर होतं, हीच तर त्यातली मेख. इंग्रजीत 'फॉर डिनर' म्हणजे पाहुणाही असतो आणि पदार्थही असतो. 'टु डिनर' लिहिलं असतं तर साहेबांचा जीव वाचला असता. आपल्याकडे 'जेवायला' या म्हटलं की माणूस निर्धास्त येतो. आपण जास्तीत जास्त त्याचं डोकं खातो.

असो. तर मुलगा नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला असतो, आणि त्यानं आम्हां दोघांना चार महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आमची ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेली. इंग्रजी तिनं टीव्हीवरून, औषधांच्या बाटल्यांवरून आणि शेजाऱ्यांच्या मुलांकडून उचललेलं. पण तिच्याकडे माझ्याजवळ नसलेली एक गोष्ट होती. तिला बोलायची भीती नव्हती. आठवड्याच्या आत ती कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाईंना ओळखू लागली होती, त्यांच्या सुनेचं बाळंतपण कधी आहे हेही तिला कळलं होतं. मी बरोबर गेलो तो आठव्या दिवशी.

"वन गार्लिक," ही म्हणाली.

बाईंनी लसणाचा एक गड्डा उचलून पिशवीत टाकला. व्यवहार संपला. इथं माझी अठरा मार्कांची विद्या जागी झाली. मी पुढे होऊन, घसा साफ करून, म्हटलं की माझ्या पत्नीला 'अ हेड ऑफ गार्लिक' असं म्हणायचं आहे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीत पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "दॅट इज व्हॉट शी गॉट, डक," त्या म्हणाल्या.

हिनं तोवर "टू ब्रेड" म्हटलं होतं. मी म्हटलं, "टू लोव्हज ऑफ ब्रेड. ब्रेड मोजता येत नाही, सामान्यनाम असलं तरी." हे मी मराठीत म्हटलं, पण आवाज इंग्रजी होता. मागे चार माणसं रांगेत उभी होती. ही काही बोलली नाही. पिशवी उचलली, पैसे मोजले (ते मात्र तिला बरोबर मोजता आले) आणि बाहेर पडली. घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा होता. त्या दिवशी तो मला खंडाळ्याच्या घाटाएवढा वाटला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई कामावर जाताना म्हणाली, "आई, येताना जरा भाजी आणाल?" तर ही म्हणाली, "यांना सांग. मला गड्डा म्हणायचा की डोकं म्हणायचं ते कळत नाही."

तेव्हापासून ती दुकानात जाईना. आणि घरात असून माझ्याशी बोलेना. मराठीतला 'शी' किती कामाचा आहे हे मला तेव्हा कळू लागलं. भाजीशी पोळी आणि माझ्याशी अबोला, एकाच 'शी'वर दोन्ही चालतं.

बाजार माझ्याकडे आल्यामुळे मला इंग्रजीतला अन्नविभाग जवळून तपासता आला. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की इंग्रजाचं भाजीचं दुकान हे हाडांच्या दवाखान्यासारखं असतं. कोबीचं 'हेड'. मक्याचा 'इअर'. केळ्यांचा 'हँड', आणि त्या हँडला लागलेली केळी ती 'फिंगर'. बटाट्याला 'आय', सलाडच्या पानांना 'हार्ट', आणि भेंडीला तर सरळ बाईमाणसाची बोटं. चौकशी केली तेव्हा कळलं, की मक्याचा इअर आणि ऐकायचा इअर यांचा मुळात काही संबंध नाही; दोन वेगळे जुने शब्द एकाच वेशात येऊन उभे राहिले आहेत. आणि 'कॅबेज' हा शब्दच जुन्या फ्रेंचमधल्या डोक्यावरून आला आहे. म्हणजे 'अ हेड ऑफ कॅबेज' म्हणजे डोक्याचं डोकं. आपण पोर्तुगीजांकडून कोबी घेतला तेव्हा त्याचा मुकाट्यानं गड्डा केला. केळ्यांच्या हाताची आपण फणी केली. हातापेक्षा फणी बरी. फणी निदान घरात एका जागी राहते.

मोजायचे शब्द शिकताना माझी सर्वांत मोठी बेअब्रू लवंगेनं केली. हिचा राग काढावा म्हणून मी एका रविवारी सूप करायचं ठरवलं. पुस्तक सूनबाईचं होतं. त्यात लिहिलं होतं, 'सहा क्लोव्हज, ठेचून.' पुस्तक इतकं घाईतलं होतं की कशाच्या ते लिहायचं राहून गेलं होतं. क्लोव्ह म्हणजे लवंग, हे मला सहावीपासून ठाऊक. मी सहा लवंगा खलबत्त्यात कुटून चार माणसांच्या सुपात घातल्या. पहिल्या घोटालाच घरात दंतवैद्याच्या दवाखान्याचा वास सुटला. चौघांचीही दातदुखी त्या रात्री थांबली. ती मुळात नव्हतीच, ही गोष्ट वेगळी.

"बाबा, लसणाच्या हव्या होत्या," सूनबाई हळूच म्हणाली.

लसणाची पाकळी म्हणजे क्लोव्ह आणि लवंग म्हणजेही क्लोव्ह. पाकळीचा क्लोव्ह दुभंगण्याच्या क्रियापदातून निघाला, लवंगेचा क्लोव्ह फ्रेंचमधल्या खिळ्यावरून, कारण लवंग दिसते खिळ्यासारखी. दोघांची गाठ पडायला एक माझं सूपच मिळालं. ही तेव्हा पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली, तीही मला उद्देशून नव्हे, वाटीला उद्देशून. "आपल्याकडे पाकळी ती पाकळी आणि लवंग ती लवंग," ती म्हणाली. टीकालेख असा असावा. मला एवढं लिहूनही तो साधलेला नाही.

वजनामापांबद्दल बोलायचं तर इंग्रज आणि अमेरिकन एकच भाषा बोलतात ही अफवा आहे. इंग्लंडातला पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकेतला ४७३ चा. म्हणजे समुद्र ओलांडताना पाऊण वाटीभर दूध सांडतं. टेबलस्पून इंग्लंडात पंधरा मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात वीसचा. अमेरिकन पुस्तकात केकला लोणी 'दोन स्टिक' लागतं. मी लोण्याच्या काड्या म्हणजे काय याचा दिवसभर विचार केला. स्टिक म्हणजे चार औंसांची लोण्याची वडी, सुमारे ११३ ग्रॅम. हे सगळं पाहून मला आमच्या आजीची आठवण झाली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, पण आजीनं किलोला शेवटपर्यंत घरात घेतलं नाही. आणि स्वयंपाकात तिला मापंही लागत नसत. चिंच लिंबाएवढी, गूळ सुपारीएवढा, मीठ चिमूटभर, तूप धारभर. एका पदार्थाचं माप दुसऱ्या पदार्थानं! लिंबं त्या वर्षी मोठी झाली तर आमटी आंबट होई, आणि त्याबद्दल कुणी पुस्तकाला दोष देत नसे.

आता खरी तक्रार. इंग्रजीत काय मोजायचं आणि काय नाही, याला काही धरबंध नाही. 'व्हीट' एकवचनी, पण 'ओट्स' अनेकवचनी. दोन्ही दाणेच, दोन्ही पोत्यातच. शेंगांतले दाणे अनेक, मका एक. 'नूडल्स' अनेक आणि 'स्पॅगेटी' एक, तेसुद्धा मूळच्या इटालियनमध्ये स्पॅगेटी अनेकवचन असताना. आख्खी कोंबडी खाल्लीत तर 'अ चिकन', तुकडा खाल्लात तर नुसतं 'चिकन'. एवढ्याशा 'अ'साठी शेजारी तुमच्याकडे खादाड म्हणून पाहतील. टोस्ट मोजायचा नाही, त्याचे स्लाइस मोजायचे. 'टू टोस्ट्स' म्हटलंत तर त्याला वाटेल, तुम्ही दोनदा पेला उंचावून कुणाचं तरी भलं चिंतणार आहात. पेल्याच्या टोस्टचा उगमही भाजलेल्या पावातूनच झाला, कारण पूर्वी वाइनमध्ये मसाला लावलेला टोस्टचा तुकडा बुडवत. म्हणजे इंग्रजांनीही पाव पेयात बुडवून खाल्ला आहे. इराण्याकडे चहात ब्रून बुडवणाऱ्यांनी उगाच संकोच करू नये.

सर्वांत गंमत मटाराची. पूर्वी इंग्रजीत 'पीझ' हा एकवचनी, न मोजायचा शब्द होता, आपल्या डाळीसारखा. लोकांना त्यातला शेवटचा 'झ' अनेकवचनाचा वाटला. त्यांनी सतराव्या शतकात तो छाटून टाकला आणि एक नवीन दाणा तयार केला, 'पी'. म्हणजे आज इंग्लंडात ज्या शब्दावाचून मटार मोजता येत नाही, तो शब्द अडाण्यांच्या चुकीतून जन्मला. आणि ती चूक करणाऱ्या बायकांचे नवरे त्या वेळी बाजारात मागे उभे राहून घसा साफ करत असतील तर ते फुकट गेलं, असंच म्हणायला हवं. हे वाचलं तेव्हा मला जरा घाम आला.

टीकाकारानं गुणही सांगावेत असा संकेत आहे. तेव्हा लोफबद्दल सांगतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ह्लाफ' असा होता. 'लॉर्ड' म्हणजे मुळात 'ह्लाफवेअर्ड', पावाची राखण करणारा. आणि 'लेडी' म्हणजे 'ह्लाफडिगे', पावाची कणीक मळणारी. केवढी मोठमोठी माणसं, आणि मूळ पाहावं तर एक कोठीवर बसलेला आणि एक परातीपाशी! हे कळल्यापासून मला आमच्या घरातही एक लॉर्ड आणि एक लेडी दिसू लागली. लॉर्ड राखण कसली करतो हा प्रश्न निराळा.

अव्ययांकडे वळतो. आपल्याकडे अव्यय शब्दाच्या मागे येतं, त्यांच्याकडे पुढे. आपण आधी पान वाढतो मग कशाशी ते सांगतो; ते आधी 'ऑन' म्हणतात आणि त्यावर काय येणार याची वाट पाहायला लावतात. तिथला एक लोकप्रिय पदार्थ म्हणजे 'बीन्स ऑन टोस्ट', टोमॅटोच्या गोडसर रसातल्या घेवड्याच्या बिया, भाजलेल्या पावावर. हिनं तो पाहिला आणि न राहवून सूनबाईला म्हणाली, "उसळ-पाव! फक्त ओतलाय वर." बघा, आपल्या 'उसळ-पाव'मध्ये कोण वर आणि कोण खाली हा प्रश्नच नाही, दोघं शेजारी बसलेत. इंग्रजीत मात्र कुणीतरी कुणाच्या तरी डोक्यावर बसल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. अनशापोटी 'ऑन', डाएटवर 'ऑन', ताटातून खायचं तर 'ऑफ द प्लेट' आणि दूध नासलं तरी 'ऑफ'. चहा पिता पिता बोलले तर 'ओव्हर टी', जणू दोघंही कपावरून उड्या मारतायत. 'ईट अप' म्हणजे संपव, 'ईट आउट' म्हणजे हॉटेलात, आणि पोट मात्र सगळ्यांचं आतच.

आपण फार हसू नये. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' यातला 'ला', 'खाल्ल्या मिठाला जागणं' यातला 'ला', 'हातावरचं पोट' यातला 'वर', हे एखाद्या इंग्रजाला समजावून बघा. ताकाला गेलेला माणूस परत येत नाही.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं ते नातवानं. तो पाच वर्षांचा. शाळेत इंग्रजी, आईबापांशी निम्मं-निम्मं, आणि आजीशी, निदान ती आल्यापासून, मराठी. आजी बोलत नव्हती ती माझ्याशी. त्याच्याशी तिचं दिवसभर चाललेलं असे. एक दिवस ती स्वयंपाकघरात म्हणत होती, "थांब हं राजा, तांदूळ शिजले की वाढते." मग पाच मिनिटांनी, "झाला बघ भात."

तो म्हणाला, "आजी, तू आधी 'शिजले' म्हणालीस, मग 'झाला'. व्हाय?"

मी वर्तमानपत्राच्या आड होतो. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तांदूळ निवडले, धुतले, शिजले: अनेकवचन. भात झाला, उरला, करपला: एकवचन. तोच दाणा, तेच पातेलं! गहू अनेक, कणीक एक. मूग अनेक, ज्वारी एक. व्हीट आणि ओट्सला नावं ठेवणारा मी. आणि माझ्याच घरातले तांदूळ माझ्या डोळ्यांदेखत वचन बदलत होते. रेन आणि मार्टिन मदतीला येण्याजोगे नव्हते.

ही मात्र अडली नाही. "कच्चे असतात तोवर पुष्कळ असतात," ती म्हणाली. "शिजले की एक होतात."

"आणि पोहे?"

"पोहे हट्टी असतात. ते शिजले तरी पोहेच."

नातवाचं समाधान झालं. माझंही झालं, पण हट्टी म्हणताना तिनं वर्तमानपत्राकडे पाहिलं होतं, असं मला वाटलं.

मग ती त्याला भरवायला बसली. त्याच्या पोटात चिऊचा घास गेला, काऊचा गेला, अंगणात येणाऱ्या खारीचाही गेला. तो आईला ओरडून सांगू लागला, "मम्मा, आय हॅड फाइव्ह घासेस! वन मोअर घास!"

घासेस! माझा घसा आपोआप साफ झाला. 'घास'चं अनेकवचन घासच. आणि इंग्रजीत बोलायचं तर 'माउथफुल' म्हण, पण त्यात तोंड भरतं, भरवणारा हात दिसत नाही. 'बाइट' म्हण, पण त्यात नुसते दात आहेत. 'मॉर्सेल' म्हण, पण ते भुकेल्याला टाकल्यासारखं वाटतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात हिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं, तसं. आता याचंही तोंड बंद करणार का, असं ते पाहणं होतं.

मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं ते सुलटं केलं आणि गप्प बसलो. पोरानं सहावा घासेस खाल्ला.

इतकी वर्षं मी समजत होतो, की चूक सुधारली म्हणजे माणसाला काहीतरी दिलं. त्या दुकानात मी हिला एक 'हेड' दिलं आणि तिची सबंध पेठ काढून घेतली. बाईंना लसूण कळला होता. त्यांना त्यांच्या सुनेची चौकशी कळली होती. जे कळत नव्हतं ते रांगेत फक्त मला एकट्याला. 'कम्पॅनियन' हा शब्द इंग्रजांनी लॅटिनमधून घेतला. त्याचा अर्थ, ज्याच्याबरोबर पाव खातो तो. म्हणजे आपला 'शी' त्यांच्याकडेही होता, त्यांनी तो सोबत्याच्या पोटात लपवून ठेवला. आणि मी शोधत होतो अव्ययांच्या यादीत.

दुसऱ्या दिवशी मी हिला म्हटलं, "अगं, आज बाजाराला तू जा. माझा गुडघा दुखतोय." गुडघा दुखत नव्हता हे तिला कळलं होतं. पंचेचाळीस वर्षांत माझा एकही खोटा गुडघा तिच्याकडे चालला नव्हता. पण ती नातवाचा हात धरून निघाली. मी थोडं अंतर ठेवून मागे गेलो आणि दुकानाबाहेर उभा राहिलो, सांगायला हरकत नाही.

"वन गार्लिक," आतून आवाज आला. "टू ब्रेड. हाऊ इज बेबी?"

सुनेला मुलगी झाली होती. आठ पौंडांची. बाळाचं वजन किलोत सांगायची पद्धत त्या बाईंनी, आमच्या आजीप्रमाणेच, घरात घेतलेली नव्हती. हिनं तिथल्या तिथं पिशवीतल्या पावाकडे बोट दाखवून, "सेम, सेम, फोर ब्रेड," असं सांगितलं आणि दोघीही हसल्या. मोठ्या पावाचं वजन तिथं ८०० ग्रॅम असतं. मी बाहेर उभ्या उभ्या हिशोब केला. हिचा आकडा साडेचार हवा होता. पण सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर ती आपणहून म्हणाली, "अहो, ती बाई मला डक म्हणाली. डक म्हणजे बदकच ना?" मी सांगितलं, की त्या भागात लाडानं तसं म्हणतात, सगळ्यांनाच. "मग तुम्हांलाही म्हणाली होती त्या दिवशी," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही सुधारलं नाहीत."

संध्याकाळी तिनं त्या 'वन गार्लिक'ची चटणी कुटली. किती पाकळ्या घातल्या मी विचारलं नाही. पानात भाकरी आली, वर लोण्याचा गोळा, स्टिक नव्हे.

"कशाशी खाऊ?" मी विचारलं.

"चटणीशी खा," ती म्हणाली, "आणि मुकाट्यानं खा."

मुकाट्यानं म्हणजे 'इन सायलेन्स'. तिथं 'इन'च लागतं, 'विथ' चालत नाही. हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.